धूर आमचा, माफी तुमची

सरकारला म्हणे हवा स्वच्छ करायची आहे. करा की! आम्ही कधी नको म्हटलं? या मुंबईत हवेसाठी सगळ्यात जास्त तडफडते ती छाती आमचीच. डॉकच्या गेटाबाहेर ट्रेलरची रांग लागते. इंजिनं बंद होत नाहीत. दोन ट्रेलरच्या मधल्या फटीतून आमची टोळी आत जाते, पाळी भरून त्याच फटीतून बाहेर येते. रात्री रुमालात नाक शिंकरावं तर रुमाल काळा. तेव्हा बिनधुराच्या गाडीला आमचा विरोध आहे, असं कुठल्या शहाण्याने समजू नये. उद्या डॉकमधला शेवटचा डिझेल ट्रक भंगारात गेला तर पहिला पेढा आम्ही वाटू.

आमचं भांडण गाडीशी नाही. गाडीच्या मालकाला जी माफी मिळते, तिच्याशी आहे.

या राज्यात माफी दोन जातींची. एक मागायची, दुसरी मिळायची. पाळीला दहा मिनिटं उशीर झाला तर मुकादमाची माफी मागा. झोपडीचा दाखला हरवला तर कारकुनाची माफी मागा. ही पहिली जात आपली. दुसरी जात मागावी लागत नाही. ती शासन निर्णयातून येते, राजपत्रात छापून येते, मालकाच्या हातात किल्लीबरोबर येते. करमाफी. टोलमाफी. हिला भीक म्हणत नाहीत. हिला धोरण म्हणतात.

आता हिशेब. दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला येतो तेवढाच.

महाराष्ट्रात खासगी मोटार घेतली की किमतीवर एकरकमी मोटार वाहन कर पडतो. आपल्या बोलीत रोड टॅक्स. माणसाच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११, १२, १३ टक्के. डिझेलला १३, १४, १५. सीएनजीला ७, ८, ९ होता. इलेक्ट्रिकला शून्य. हे शून्य २०२१ सालच्या राज्याच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात होतं. तेव्हा असल्या गाड्या थोड्या होत्या, लोक बिचकत होते. सुरुवातीला चार पैसे सोडले, समजू शकतो. नवं रोप लावलं की कुंपण घालावं लागतं. पण कुंपण रोपाला घालतात. वडाच्या झाडाला नाही.

त्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपत होती. त्याआधी १० मार्च २०२५ ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्प मांडला. त्यात गाड्यांच्या कराच्या पाच गोष्टी होत्या. नीट वाचा, कारण पेपरवाले असल्या गोष्टी आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली छापतात.

एक. खासगी सीएनजी-एलपीजी मोटारींचा कर एक टक्क्याने वाढवायचा. त्यातून १५० कोटी.

दोन. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्या, म्हणजे आपला टेंपो, आपला पिकअप, यांच्यावर किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर. त्यातून ६२५ कोटी.

तीन. क्रेन, काँप्रेसर, खोदकामाची यंत्रं यांच्यावरही ७ टक्के. त्यातून १८० कोटी.

चार. गाडी कितीही महाग असो, कर जास्तीत जास्त २० लाख, अशी मर्यादा होती. ती ३० लाख करायची. त्यातून १७० कोटी.

पाच. ३० लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक गाडीवर ६ टक्के कर.

या पाचातली एक गोष्ट मार्च महिना संपायच्या आत गळून पडली. कोणती, ते सांगायला ज्योतिषी नको. पाचवी! मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत सांगून टाकलं, हा कर लावणार नाही. कारणं दोन. यातून फार पैसा येणार नाही. आणि इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल राज्याचा जो निर्धार आहे, त्याबद्दल चुकीचा संदेश जाईल.

बाकीच्यांना कोणी हात लावला नाही. सीएनजीची वाढ आणि टेंपोचे सात टक्के १ जुलै २०२५ पासून लागू झाले.

दोस्तांनो, आता त्रैराशिक मांडा. दहा लाखांचा पिकअप घेतला. पूर्वी वजनावर कर होता, आता किमतीवर. सात टक्के म्हणजे ७० हजार. हे ७० हजार गाडीने पहिली गोणी उचलायच्या आधी भरायचे. टेंपोवाल्याकडे ते नसतात. तो फायनान्सवाल्याकडे जातो. म्हणजे करावर व्याज. आणि साठ लाखांची इलेक्ट्रिक मोटार घेतली तर? तो रद्द झालेला सहा टक्के लावला असता तर ३ लाख ६० हजार. आता शून्य. एका मोटारीला जेवढं सोडलं, तेवढं पाच टेंपोवाल्यांकडून घेतलं तरी दहा हजार कमीच पडतात.

साठ लाख हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. १५ जुलै २०२५ ला टेस्ला कंपनीने देशातलं आपलं पहिलं दुकान वांद्रे-कुर्ला संकुलात थाटलं. मिठी नदीच्या काठी, धारावीच्या शेजारी. तिथल्या मॉडेल वायची सुरुवातीची किंमत ५९ लाख ८९ हजार. ५ सप्टेंबर २०२५ ला त्या दुकानातली पहिली गाडी कोणी ताब्यात घेतली? राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी. लोकांमध्ये जागृती व्हावी म्हणून घेतली, पूर्ण किंमत मोजून घेतली, असं त्यांनी सांगितलं. ठीक आहे. त्यात बेकायदा काहीच नाही. आमचं दुखणं तेच आहे. सगळं कायद्यात बसतं! ज्या खात्याकडे एसटी आहे, त्याच खात्याकडे मोटार वाहन कर आहे. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्के वाढलं, तेही कायद्यात बसतं. लाल डब्यात बसून गावाला जाणाऱ्या म्हातारीने जास्त द्यायचे, साठ लाखांच्या मोटारीने काहीच द्यायचं नाही, आणि हवा शुद्ध केल्याचा मान मोटारीला!

अहो, बिनधुराचं वाहन कोणतं? एका माणसाला घेऊन फिरणारी दोन टनांची मोटार, की पन्नास माणसं पोटात घेऊन चालणारी बस?

आता सरकारच्या दोन कारणांकडे या.

पहिलं कारण, फार पैसा येत नाही. वा रे वा! ज्याच्याकडून थोडा पैसा येतो त्याला सोडायचं, हा नियम कधीपासून निघाला? मग फेरीवाल्याकडून दंडाची पावती कशाला फाडता? रेल्वेत दहा रुपयांच्या तिकिटासाठी आमच्या पोरांची गचांडी कशाला धरता? आज महागड्या इलेक्ट्रिक गाड्या थोड्या आहेत म्हणून पैसा थोडा. उद्या त्याच जास्त होणार, तुमचं धोरणच त्यासाठी आहे. तेव्हा कर लावायला गेलात तर हीच माणसं म्हणतील, आमचा हक्क हिरावला. माफी दहा वर्षं मिळाली की हक्क होतो. हक्क पन्नास वर्षं मिळाला नाही की सवय होते. पहिलं त्यांचं, दुसरं आपलं.

दुसरं कारण, चुकीचा संदेश. शेजारच्या कर्नाटकाने २०२४ साली २५ लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक मोटारींवर १० टक्के कर लावला. बंगळूर काय ओस पडलं? नॉर्वे नावाचा देश आहे. तिथे २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींत जवळजवळ नऊ इलेक्ट्रिक होत्या. त्या देशाने १ जानेवारी २०२३ पासून पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर मूल्यवर्धित कर लावला. स्वस्त गाडी सोडली, महागडीला गाठलं. तरी लोक इलेक्ट्रिकच घेत राहिले. ब्रिटनने १ एप्रिल २०२५ पासून इलेक्ट्रिक मोटारींनाही वार्षिक कराच्या रांगेत उभं केलं. रस्ता वापरता ना, मग रस्त्याचे पैसे द्या. इतकं साधं. धूर सोडत नसली तरी मोटार रस्ता खाते, जागा खाते, टायर झिजवून धूळ उडवते. कोपऱ्यावरची जागा तिला लागतेच, आणि ती जागा मिळावी म्हणून वडापावची गाडी उचलली जातेच.

आणि संदेशच म्हणाल तर टेंपोवाल्याला कोणता संदेश गेला? सीएनजीची छोटी मोटार घेऊन बायकापोरांना पहिल्यांदा गाडीत बसवणाऱ्या शिपायाला कोणता गेला? आठ लाखांच्या सीएनजी गाडीवर ५६ हजार होते, ते ६४ हजार झाले. सीएनजीचा धूर पेट्रोल-डिझेलपेक्षा कमी म्हणून तुम्हीच तिला कमी करात ठेवलं होतं. मग कमी धुराच्या स्वस्त गाडीचा कर वाढतो आणि महागड्या गाडीचा लागता लागता राहतो, याला काय म्हणायचं? पर्यावरण?

अजून एक चमत्कार बघा. १ ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक मोटारीवर जीएसटी ५ टक्के. सायकलवर १२ टक्के. दूधवाल्याची, पाववाल्याची सायकल. जिला पेट्रोल नको, वीज नको, फक्त पोटात भाकर हवी. सहा वर्षं सायकलवाल्याने मोटारवाल्याच्या दुपटीहून जास्त दराने कर भरला. २२ सप्टेंबर २०२५ ला सायकलही ५ टक्क्यांवर आली. म्हणजे सहा वर्षांनी सायकलला मोटारीच्या पंगतीत बसवलं. उपकार झाले!

आता पुलावर या.

शिवडीहून न्हावाशेवाकडे जाणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला उघडला. २१.८ किलोमीटर. एका टोकाला जुनं मुंबई बंदर, दुसऱ्या टोकाला न्हावाशेवाचं बंदर. नकाशा पाहणाऱ्याला वाटेल, हा पूल डॉकवाल्यांसाठीच बांधला. पण या पुलावर मोटारसायकल चालत नाही, रिक्षा चालत नाही. इलेक्ट्रिक स्कूटर असली तरी चालत नाही. मोटारीला टोल एका फेरीचा २५० रुपये, परतीसह ३७५. नव्या इलेक्ट्रिक धोरणाप्रमाणे ऑगस्ट २०२५ मध्ये या पुलावर इलेक्ट्रिक मोटारींना आणि बसना टोल माफ झाला. बसला माफ केला, छान केलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण माल वाहणारी इलेक्ट्रिक गाडी या माफीतून वगळली!

हे वाचून मी दोनदा डोळे चोळले. बंदराला बंदर जोडणारा पूल. धूर कोणाचा जास्त? मालगाडीचा. डिझेल सोडून बॅटरीवर यावं असं सगळ्यात आधी कोणाला सांगायला हवं? मालगाडीला. आणि माफी कोणाला नाही? मालगाडीलाच! एसी लावून अलिबागच्या बंगल्यावर निघालेल्या मोटारीचा टोल सरकार सोडणार. तुमच्या घरातला तांदूळ, तेल, फरशी वाहून नेणाऱ्या गाडीने मात्र बॅटरीवर चालूनही टोल भरायचा. हवा शुद्ध करायची असती तर हे उलटं झालं असतं.

मोटारवाला महिन्यातले २६ दिवस या पुलावरून जाऊन आला, तर ३७५ प्रमाणे ९,७५० रुपये सुटले. आता आपला हिशेब. ९ मे २०२५ ला बेस्टचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, एसी बसचं ६ वरून १२. कामावर जायला एक बस, यायला एक बस. दिवसाला दहा रुपये जादा, २६ दिवसांचे २६०. ज्याला एक फेरी अडीचशेला पडते त्याला माफी, ज्याला पाच रुपये जड जातात त्याच्याकडून दुप्पट. आणि बसचा ताफा? कधीकाळी चार हजारांच्या वर होता. २०२५ मध्ये तीन हजारांच्याही खाली. स्टॉपवर पाऊण तास उभं राहा, मोटारींचा धूर खा, मग दुप्पट पैसे देऊन लोंबकळा. इलेक्ट्रिक बस आल्या, पण कंत्राटदाराच्या. त्यांच्या ड्रायव्हरांना ऑगस्ट २०२३ मध्ये पगारासाठी चाकं थांबवावी लागली. बस बिनधुराची आणि ड्रायव्हरची चूल पण बिनधुराची!

बिनधुराची मोटार म्हणतात, पण धूर जातो कुठे? मोटार वीज पिते. महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशावर. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. कोराडी आहे, आपल्या उरावर ट्रॉम्बे आहे. मोटारीचं धुराडं काढून चंद्रपूरच्या माणसाच्या अंगणात लावलं. मलबार हिलवर हवा स्वच्छ, चंद्रपुरात वाळत घातलेल्या कपड्यांवर राख. तरीही शहरातला धूर कमी होतो हे मी मान्य करतो, आणि वीज सूर्याची-वाऱ्याची होत जाईल तसा फायदा वाढेल हेही मान्य. पण फायदा खरा हवा असेल तर धूर कोणाच्या नाकात जातो तिथून मोजायला सुरुवात करा.

पहाटे रस्ता झाडणारी बाई कोण? कचऱ्याच्या गाडीमागे लटकणारा कोण? गटारात उतरणारा, सिग्नलवर गजरे विकणारी, फूटपाथवर संसार मांडलेला, हातगाडी ओढणारा कोण? नावं विचारा, आडनावं विचारा, उत्तर मिळेल. काचा वर करून बसणाऱ्याला धूर लागत नाही. ज्याला काच नाही, त्याला लागतो. हवेतसुद्धा गावकूस आहे! धूर या बाजूला, माफी त्या बाजूला.

बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना नेमकं यावर बोट ठेवलं होतं. प्राप्तिकर लहान कमाईवाल्याला सोडतो, मोठ्याला धरतो. शेतसारा मात्र एवढ्याशा तुकड्याच्या धन्यालाही सोडत नाही. अशी करपद्धत अन्यायाची, हा त्यांचा मुद्दा. शंभर वर्षं व्हायला आली. शेतसाऱ्याच्या जागी टेंपो आला, बाकी गोष्ट तीच. कर कोणाला पेलतो हे पाहायचं नाही, कोण ओरडणार नाही हे पाहायचं.

आता थोडं आपल्या घरातलं.

आपल्यातलेही काही शिकले, कंपनीत लागले, हिंजवडी-ऐरोलीत बसले. आनंद आहे. त्यातला एखादा परवा भेटला की सांगतो, ‘अरे, इलेक्ट्रिक घेतोय, टॅक्स फ्री आहे.’ घे बाबा. बारा-पंधरा लाखांची गाडी तू हप्त्यावर घेतोस, तुझ्याशी वैर नाही. तुझी माफी आणखी काही वर्षं राहिली तरी चालेल. पण साठ लाखवाल्याचा कर लागला की तू का कळवळतोस? तो तुझ्या पाठीमागे लपतो आहे, हे तुला दिसत नाही? ‘मध्यमवर्गावर बोजा’ अशी बोंब मारताना तो तुझं नाव घेतो आणि माफी स्वतःच्या खिशात घालतो. तीस लाखांच्या खालच्या गाडीला तो सहा टक्के लागूच होणार नव्हता!

आणि स्विगी-झोमॅटोची पिशवी पाठीवर घेऊन इलेक्ट्रिक स्कूटरवर धावणारा पोरगा, त्याला माफी पाहिजेच. ती त्याच्या पोटाची चाकं आहेत. रिक्षावाल्याला पाहिजे. टेंपोवाल्याला तर आधी पाहिजे. म्हणून सरसकट ‘माफी बंद करा’ असं आम्ही म्हणत नाही. माफीचं तोंड फिरवा, असं म्हणतो.

मागणी काय ते सरळ मांडतो.

पोटासाठी चालणाऱ्या बिनधुराच्या गाडीला, म्हणजे स्कूटर, रिक्षा, टेंपो, ट्रक, बस यांना पूर्ण माफी. टोलचीसुद्धा.

तीस लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक मोटारीवर मांडलेला सहा टक्के कर परत आणा. किंमत वाढेल तशी टक्केवारी वाढवा. आणि ती तीस लाखांची कमाल मर्यादा काढा. आज पाच कोटींच्या पेट्रोल मोटारीचा तेरा टक्क्यांनी कर होतो ६५ लाख, मालक भरतो ३०. टेंपोवाल्याला अशी मर्यादा कोणी दिली?

टेंपोचा सात टक्के कर एकरकमी नको. हप्त्याने घ्या, आणि डिझेल टाकून बॅटरीची गाडी घेणाऱ्याला रोख मदत द्या.

महागड्या मोटारींचा जो पैसा येईल तो बेस्ट आणि एसटीच्या बसना द्या. बस आपली, ड्रायव्हर कायम, भाडं पाच रुपये.

यातली एकही गोष्ट अशक्य नाही. सहा टक्क्यांची ओळ सरकारने स्वतःच लिहिली होती आणि स्वतःच खोडली. ती खोडायला मोर्चा लागला नाही, लाठी खावी लागली नाही. वरच्या लोकांच्या कपाळावर नुसती आठी पडली आणि ओळ गेली. आपल्याला मात्र ती परत लिहून घ्यायला रस्त्यावर यावं लागेल.

म्हणून नाक्यानाक्यावर हा हिशेब सांगा. टेंपो स्टँडवर सांगा, बसच्या रांगेत सांगा, कॉलेजच्या कट्ट्यावर सांगा. पाठ करायला सोपा आहे. दहा लाखांचा टेंपो सत्तर हजार, साठ लाखांची मोटार शून्य. पुढचा अर्थसंकल्प यायच्या आधी आपापल्या आमदाराच्या दारात जा आणि एवढंच विचारा, साहेब, ही माफी कोणाला आणि कोणाच्या छातीवर?

उत्तर नाही दिलं तर तिथेच बसा. हवा सगळ्यांची आहे म्हणतात ना, बसून तीच खा.